बारा इम्प्लांटचे पैसे घेतले, एक्स-रेत निघाले दहा

सांगलीत एका मंगल कार्यालयात भरलेल्या ‘मोफत दंत शिबिरा’त आमच्या आण्णांना ३,६०,००० रुपयांची टोपी घातली गेली. दोन्ही जबड्यांत एकही दात नाही, वर्षानुवर्षं कवळी, त्यात खालची जेवताना उचलायची. अशा माणसाला ‘काका, भडंग खाल, ऊस सोलाल’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. सवलत, ‘आजच बुकिंग’, ‘७२ तासांत फिक्स दात’ हा प्रकार कसा चालतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. काय कबूल केलं आणि काय बसवलं, एवढंच लिहितो.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करतो, म्हणून लाज जरा जास्त वाटते. पण आमचं काम कवळीचं, मेण, प्लॅस्टर आणि ॲक्रिलिकचं. इम्प्लांटची, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायच्या स्क्रूची, कामं आमच्याकडे येत नाहीत. ‘लॅबवाल्या पोराला कळलं कसं नाही’ असं विचारणाऱ्या नातेवाइकांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

कबुली अशी होती: वर सहा, खाली सहा, असे बारा टू-पीस इम्प्लांट (हाडातला स्क्रू वेगळा, वरचा खुंट वेगळा), त्यावर स्क्रूने आवळलेले झिर्कोनियाचे, म्हणजे कडक सिरॅमिकचे, ब्रिज (एकत्र जोडलेल्या दातांची रांग). किंमत ४,८०,०००, शिबिरात ३,६०,०००. शिबिरात २५,००० यूपीआयने दिले, इम्प्लांट घालायच्या दिवशी १,७५,००० रोख, दात चिकटवताना १,६०,००० रोख. रोख कशाला? ‘तुमचा जीएसटी वाचेल.’ अहो, दातांच्या उपचारावर जीएसटी लागतच नाही, आरोग्यसेवेला सूट आहे! निव्वळ सौंदर्यासाठी केलेलं काम वेगळं, पण बिनदाती तोंडात दात बसवणं त्यात येत नाही. शिवाय एकाच कामापोटी दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे, म्हणून तर ते दोन लाखांच्या आतले तुकडे. पावती मिळाली फक्त २५,००० ची, तीही ‘तपासणी व नोंदणी’ म्हणून.

कळायला हवं होतं ते माप घेताना. टू-पीस इम्प्लांटचं माप उघड्या ट्रेने घेतात तेव्हा प्रत्येक इम्प्लांटवर आधी कोपिंग (इम्प्लांटची जागा मापात उतरवणारा तुकडा) स्क्रूने बसवतात. ट्रेला वरून भोकं पाडलेली असतात, त्यातून स्क्रूची टोकं बाहेर डोकावतात. माप घट्ट झालं की स्क्रू सोडायचे आणि ट्रे काढायचा. कोपिंग मापातच राहतं. लॅबमध्ये त्याला ॲनालॉग (इम्प्लांटची नक्कल) जोडून मग प्लॅस्टर ओततात. त्यानंतर जिगची ट्रायल. सगळ्या इम्प्लांटना जोडणारी पट्टी तोंडात ठेवून एका टोकाचा एकच स्क्रू आवळायचा. दुसरं टोक उचललं गेलं तर माप चुकलं, परत घ्या. मग बाईट (दोन्ही जबडे कसे मिटतात त्याचं माप), मग मेणातल्या दातांची ट्रायल. स्कॅनरने माप घेतलं तरी इम्प्लांटवर स्कॅन बॉडी (स्कॅनरला इम्प्लांटची जागा दाखवणारा तुकडा) आवळावीच लागते.

इथे साध्या ट्रेमध्ये पुट्टी (माप घ्यायचा मऊ लगदा) भरली, दाबली, काढली. कॅपचं माप घेतात तसं. कोपिंग नाही, स्क्रू नाही, ट्रायल नाही. म्हणजे आत घातलेले सिंगल-पीस होते: हिरडीतून वर आलेला खुंट इम्प्लांटचाच भाग, त्यावर ब्रिज सिमेंटने चिकटवायचा. मी दारात उभा होतो, तो ट्रे माझ्या नाकासमोरून गेला. आणि मी विचारलं काय? ‘दातांचा रंग कुठला घेणार?’

सिंगल-पीस किंवा बेसल (खोलवरच्या कडक हाडात धरणारे) इम्प्लांट वापरले म्हणजे फसवलं, असं नाही. ती वेगळी पद्धत आहे, त्यात दात लवकर बसवतातही. चार इम्प्लांटवर अख्खा जबडा हीसुद्धा थाप नाही. पोर्तुगालच्या पाउलो मालो यांच्या चमूने खालच्या जबड्यासाठी ते काम २००३ साली प्रसिद्ध केलं. पुढचे दोन सरळ, मागचे दोन तिरके. तिरके घातल्यामुळे जबड्यातल्या नसेच्या पुढे राहूनही आधार मागे सरकतो. पण मग चाराचे पैसे घ्या, आणि तोंडावर सांगा की चार घालतोय, सिंगल-पीस घालतोय, उद्या एक सैल झाला तर अख्खा ब्रिज कापून काढावा लागेल. स्क्रूचा ब्रिज भोकातलं फिलिंग काढून उघडता येतो, साफ करता येतो, परत आवळता येतो. हा फरक लपवला तिथे पैसे खाल्ले.

खालचा ब्रिज डावीकडे तुटला तेव्हा भांडं फुटलं. मिरजेत ६०० रुपयांत ओपीजी (दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे) काढला. वर सहा, खाली चारच. चारही पुढच्या भागात, सरळ. शेवटच्या इम्प्लांटच्या मागे लोंबणारा भाग साधारण दहा ते पंधरा मिलिमीटरच्या आत ठेवतात. तुटलेला तुकडा मी व्हर्नियरने मोजला, २६ भरला. तिथे चावलं की सगळा ताण शेवटच्या खुंटावर. तुटणारच होता.

तो तुकडा झिर्कोनियाचा नव्हताच. तुटलेल्या कडेला गुलाबी ॲक्रिलिक, आत पातळ धातूची पट्टी. बर (मशीनचं घासायचं टोक) लावला तर मऊ पांढरा भुगा उडाला आणि मोनोमरचा (ॲक्रिलिक कालवायच्या द्रवाचा) वास आला, आमच्या टेबलावर दिवसभर येतो तोच. झिर्कोनियाला हिऱ्याचा बर लागतो, आणि त्याचा भुगा असा उडत नाही. पहिल्या दिवशीचे तात्पुरते दात ॲक्रिलिकचे असणं बरोबर आहे, कारण हाड धरायला तीन ते सहा महिने लागतात आणि कायमचे दात त्यानंतर. इथे तात्पुरतंच कायमचं म्हणून गळ्यात मारलं. खालचे दोन इम्प्लांट आता हलतात. खुंट वर आलेले असल्यामुळे जुनी कवळीही बसत नाही. तेलही गेलं, तूपही गेलं.

प्रत्येक इम्प्लांटच्या पाकिटावर स्टिकर असतो: कंपनी, लॉट नंबर, जाडी, लांबी. तो तुमच्या फाइलवर चिकटवलेला पाहिजे, बारा म्हणजे बारा. नाही म्हणाले तर उठा. ‘लाइफटाइम वॉरंटी’ बहुधा त्या स्क्रूएवढ्या तुकड्याची असते; ऑपरेशन, माप, ब्रिज यांचे पैसे पुन्हा तुमचेच. आण्णांना मधुमेह आहे, तरी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) कुणी विचारलं नाही. सीबीसीटीचे (जबड्याच्या थ्रीडी स्कॅनचे) ३,५०० वेगळे घेतले, फाइल मागितली तर ‘सिस्टीममध्ये आहे’. ओपीजीत हाडाची उंची दिसते, रुंदी दिसत नाही, म्हणून सीबीसीटी लागतो. आणि तो काढला असेल तर त्याची फाइल पेनड्राइव्हवर मिळतेच.

आता दाद मागण्याची गंमत ऐका. पोलीस ठाण्यात सांगितलं, ‘हा डॉक्टरचा विषय, आधी वैद्यकीय समितीचा अभिप्राय आणा.’ सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात स्वतंत्र अभिप्राय घ्यायला सांगितलं ते निष्काळजीपणाच्या गुन्ह्यासाठी. बारा म्हणून दहा घालणं निष्काळजीपणा आहे का? दुकानदाराने बारा पोत्यांचे पैसे घेऊन दहा टाकली तर शेतीतज्ज्ञाचा अभिप्राय मागता का? भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८ आहे. ते दाखवलं तर ‘मग सिव्हिलमध्ये जा’. अभिप्रायासाठी गेलो तिथे म्हणाले, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले, अर्ज आल्याशिवाय पत्र देत नाही, आणि अर्ज घेत नव्हते! दुसऱ्या एका कार्यालयात उत्तर मिळालं, तिथे खाटा नाहीत म्हणजे ते रुग्णालय नाही, म्हणजे आमच्याकडे नोंद नाही. जिथे डॉक्टरची तक्रार घेतात तिथे नोंदणी क्रमांक मागितला. आमच्या कागदावर डॉक्टरचं नावच नाही, ‘टीम’ लिहिलंय. हॉल कुणी भाड्याने घेतला, फ्लेक्सवर हसणारे पुढारी कुणाच्या सांगण्यावरून आले, हे एका फोनवर कळण्यासारखं आहे. तो फोन लावायला एकही साहेब तयार नाही. म्हणून होकार देण्याआधी डॉक्टरचा नोंदणी क्रमांक लिहून घ्या, नंतर कुणी देत नाही.

ग्राहक आयोगाचा रस्ता तेवढा उघडा आहे. पैसे देऊन घेतलेला उपचार सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालापासून ग्राहक कायद्यात येतो. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून नोंद ठेवा. तुटलेला ब्रिज फेकू नका. धुऊन, वाळवून, तारीख लिहून पाकिटात ठेवा. ओपीजी दुसऱ्या डॉक्टरच्या सही-शिक्क्यासह घ्या.

तक्रार गेल्यावर शिबिरवाल्यांकडून माणूस आला. ४०,००० परत देतो म्हणाला, सोबत छापील कागद: ‘उपचाराने पूर्ण समाधान, कोणतीही तक्रार नाही.’ आण्णा पेन शोधत होते, मी कागद काढून घेतला. त्याला म्हटलं, पैसे खात्यावर टाक आणि कशाचे ते लिहून दे. तो चहा न घेता गेला, पण जाताना कागद मागत होता. तो आता फाइलमध्ये आहे.