भिंतीतला पिंपळ : उपटायचा, मारायचा की दगड उतरवायचे?

जुन्या इमारतीच्या दुरुस्तीला हात घातला की पहिल्याच दिवशी कुणीतरी कोयता काढतं. तासाभरात भिंत मोकळी दिसू लागते. नुसती दिसते. पिंपळ, वड, उंबर वरून छाटले की त्याच मुळाला चार नवे फुटवे येतात, आणि यावेळी मूळ आधीपेक्षा जाड असतं.

रोप करंगळीहून बारीक असेल तर फार विचार नको. सांधा ओलसर असताना बुडाशी धरून हळूच ओढा, मूळ बहुधा अख्खं येतं.

बुंधा मनगटाएवढा झाला की मात्र ओढाओढीच्या फंदात पडू नका. मूळ दगडांच्या मधून फिरलेलं असतं, ओढलं तर दगडासकट हातात येतं. तिथे खुंट, म्हणजे कापून उरलेला बुंधा, औषधाने मारणं बरं. वीतभर खुंट ठेवून करवतीने कापा आणि लगेच, चीक सुकायच्या आत, सालीलगतच्या ओल्या कड्यावर ब्रशने ग्लायफोसेट हे तणनाशक लावा. रस त्या कड्यातूनच मुळापर्यंत जातो, मधल्या लाकडावर लावलेलं वाया जातं. (वापराचे नियम आधी बघून घ्या.) स्वस्त आहे, पण वेळखाऊ. पुढच्या हंगामात फुटवा आला तर पुन्हा तेच. शिवाय मेलेलं मूळ कुजून आत पोकळी राहते, ती पातळ चुन्याने भरावी लागते. सिमेंटने नको, त्यात ओल अडकते आणि मऊ दगड झिजतो.

मीठ, ॲसिडचे घरगुती उपाय मी तरी करू देणार नाही. ॲसिड चुना खातं, मिठाचे स्फटिक दगडाचे पापुद्रे काढतात.

भिंत पोटाला फुगली असेल, मूळ आरपार गेलं असेल, तर खुंट मारून भागत नाही. आधी टेकू, मग प्रत्येक दगडावर क्रमांक, फोटो, दगड उतरवणं, मूळ काढणं आणि चुन्यात पुन्हा बांधणं. महाग आणि संथ, पण मूळ राहिलं का ही शंका उरत नाही.

कधी झाडच भिंतीला सावरून धरत असतं. कंबोडियातल्या ता प्रोहम मंदिरात काही झाडं मुद्दाम राखली आहेत.

वेलींचं वेगळं. हिरवी वेल ओरबाडली की गिलावा सोबत येतो. बुडाशी कापा, वाळू द्या, मग उतरवा. फांद्यांत घरटं नाही ना, हे कापण्याआधी बघा.