सीपॅप यंत्र: उन्हाळा आणि पावसाळा वापरल्यानंतरचा अनुभव

फोंड्यात राहत्या घरी हे सीपॅप यंत्र, म्हणजे झोपेत मुखवट्यातून हवेचा दाब देणारे स्वयंचलित दाबाचे यंत्र, वापरू लागल्यापासून उन्हाळा आणि सबंध पावसाळा उलटला आहे. ते घेण्याचे कारण घोरणे नव्हते. तीन गोळ्या चालू असूनही सकाळचा रक्तदाब चढाच राहत असल्याने हृदयरोगतज्ज्ञांनी झोपेची तपासणी करायला सांगितली आणि तीत श्वास अडण्याचे प्रमाण तासाला 30 च्या वर, म्हणजे तीव्र गटातले, निघाले.

या आजारात, म्हणजे स्लीप अ‍ॅप्नियात, झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो, रक्तातला प्राणवायू उतरतो आणि मेंदू शरीराला अर्धवट जागे करतो. त्या प्रत्येक वेळी नाडी आणि रक्तदाब उसळतात. शिवाय मिटलेल्या मार्गातून हवा ओढण्याच्या धडपडीत छातीतला दाब इतका खाली जातो की हृदयाच्या भिंतींवर ताण येतो. रात्री एरवी उतरणारा रक्तदाब मग उतरतच नाही.

यंत्र मुखवट्यातून हवेचा दाब देत तो मार्ग उघडा ठेवते, आणि हे काम ते चोख करते: श्वास अडण्याची माझी नोंद आता बहुधा तासाला 5 च्या आत असते. सकाळचा रक्तदाब मात्र थोडाच उतरला आणि तिन्ही गोळ्या चालू आहेत. गोळ्या सुटतील, हे विक्रेत्याचे आश्वासन मी तेव्हाही मनावर घेतले नव्हते. आधीच हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या रुग्णांवरील, 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सेव्ह' चाचणीत सीपॅपमुळे हृदयविकाराचे झटके वा पक्षाघात कमी झाल्याचे दिसले नाही. पण त्या रुग्णांनी ते रात्री सरासरी 3.3 तासच लावले होते. म्हणून यंत्राच्या नोंदीत मी आधी वापराचे तास पाहतो.

ते तास पावसाळ्यात घटले. वातानुकूलित खोलीत नळीत पाणी साचून मध्यरात्री नाकाशी गुरगुरू लागे. आर्द्रता देणारी टाकी अगदी कमीवर आणल्यावर आणि नळीला कापडी आवरण घातल्यावर ते थांबले. गाळणीला कुबट वास येतो, तेव्हा ती सांगितलेल्या मुदतीआधीच बदलावी लागते, आणि हा खर्च विकताना कोणी सांगत नाही. वीज गेली की यंत्र बंद पडते आणि जाग येते. आता ते इन्व्हर्टरवर जोडले आहे. टाकीचे तापवणे बंद ठेवले तर बॅटरी बरीच जास्त टिकते.