सॉस्टॉपचं टेबल सॉ: बोट वाचतं, फळी मात्र उडायची ती उडतेच

अमेरिकेत सामायिक वर्कशॉपसाठी टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल फिरत्या ब्लेडवर लाकूड सरकवून कापायचं मशीन, घ्यायचं म्हटलं की पहिलं नाव सॉस्टॉप कंपनीचं निघतं. हा रिव्ह्यू त्यांच्या प्रोफेशनल कॅबिनेट सॉचा आहे: १० इंची ब्लेड, ओतीव लोखंडाचं टेबल, ब्लेड डावीकडे कलणारं, मोटर पावणेदोन किंवा ३ हॉर्सपॉवरची. ९० अंशाला सव्वातीन इंचांना थोडं कमी, म्हणजे ३ १/८ इंच खोल कापतं. कापण्याच्या कामात नाव ठेवायला जागा नाही. जास्तीचे पैसे मोजले जातात ते बोट लागताच ब्लेड थांबवणाऱ्या ब्रेकसाठी, म्हणून आधी तोच पाहू.

ब्लेडवर सतत एक क्षीण विद्युत संकेत सोडलेला असतो. अंग वीजवाहक असल्यामुळे कातडी दाताला लागताच तो संकेत पडतो. कार्ट्रिजमध्ये, म्हणजे ब्रेकच्या बदलता येणाऱ्या डब्यात, एका बारीक तारेनं रोखून धरलेली स्प्रिंग असते. संकेत पडला की ती तार वितळते आणि अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा फिरत्या दातांत घुसतो. ५ मिलिसेकंदांच्या आत ब्लेड थांबतं, मोटर बंद होते आणि स्वतःच्याच झटक्यानं ब्लेड टेबलाखाली जातं. ही कल्पना स्टीव्ह गॅस यांची, १९९९ सालची. प्रात्यक्षिकात ते बोटाऐवजी सॉसेज वापरतात ते सगळ्यांनी पाहिलेलंच असतं.

पण सॉसेज सावकाश सरकवलेलं असतं, हे कोणी बोलत नाही. हात सेकंदाला ३० सेंटिमीटर वेगानं ब्लेडकडे गेला तर ५ मिलिसेकंदांत दीड मिलिमीटर आत जातो. पट्टी चिकटवून भागतं. किकबॅकनं, म्हणजे ब्लेडनं लाकूड उलट फेकल्यानं, हात ओढला गेला तर हाच वेग कित्येक पट असतो आणि जखमही तेवढीच खोल होते. शिवाय किकबॅक ब्रेकला कळतच नाही. लाकूड उडालं, पोटात बसलं, तरी कातडी ब्लेडला लागली नाही तर सगळं ठीक असल्याचा हिरवा दिवा तसाच राहणार.

किकबॅक होतो ब्लेडच्या मागच्या बाजूला. पुढचे दात खाली जातात, मागचे वर येतात. ४००० आरपीएमला १० इंची ब्लेडच्या कडेचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास असतो. चिरताना आतला ताण सुटून लाकूड मिटलं किंवा फेन्सपासून, म्हणजे लाकूड ज्याला टेकवून सरकवतात त्या सरळ आडापासून, जरा वाकडं झालं, की मागचे दात त्याला उचलून चालवणाऱ्याकडे फेकतात. याला आडवा येतो तो राइव्हिंग नाईफ, ब्लेडमागे ब्लेडसोबतच वर-खाली होणारा पोलादी पत्रा. तो ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड आणि दातांच्या चिरेपेक्षा पातळ असावा लागतो. या मशीनवर तो खटका सोडून हातानं निघतो-बसतो, म्हणून काढून कोपऱ्यात फेकायचं निमित्त उरत नाही. आमच्या मते ब्रेकइतकीच ही सोय मोलाची आहे.

फेन्स जाड आणि ठाम आहे, पण नव्या मशीनवरही तपासावा. ब्लेडच्या एका दातावर खूण करून तो पुढे आणि मग मागे आणायचा, दोन्हीकडे माइटर खाचेपासूनचं, म्हणजे टेबलातल्या पुढून मागे जाणाऱ्या खाचेपासूनचं अंतर मोजायचं. ते जुळलं की फेन्स त्याच खाचेला समांतर करायचा. मागचं टोक कागदाभर बाहेर चालेल, आत अजिबात नको. दात लाकडाच्या वर ३ ते ६ मिमी पुरेत. फेन्स उजवीकडे असेल तर ब्लेडच्या रेषेच्या डावीकडे उभं राहावं. पट्टी १५ सेंटिमीटरपेक्षा अरुंद असेल तर पुश स्टिक म्हणजे ढकलायची काठी, अगदीच बारीक असेल तर वरून दाबणारा पुश ब्लॉक. आडवं कापताना माइटर गेज (त्या खाचेतून सरकणारा कोनाचा आधार) आणि फेन्स दोन्ही एकदम वापरलं तर सुटलेला तुकडा मध्ये अडकून गोळीसारखा येतो.

आता ब्रेकच्या कटकटी. एकदा सुटला की कार्ट्रिज बाद, आणि ब्लेडही बहुतेक वेळा. कार्बाइडचे दात सैल झाले नाहीत याची खात्री देता येत नाही. कार्ट्रिज शंभर डॉलरच्या आसपास पडतं. बोट वाचवून सुटलेलं कार्ट्रिज परत पाठवलं तर कंपनी नवं फुकट देते. रुंद खाचा पाडणाऱ्या ८ इंची डेडो ब्लेडसेटला वेगळं कार्ट्रिज लागतं, आणि सामायिक वर्कशॉपमध्ये घोटाळा होतो तो इथेच. बदलताना प्लग काढून, ब्लेडभोवतीची इन्सर्ट प्लेट आणि ब्लेड उतरवून, लाल किल्ली फिरवून कार्ट्रिज दोन पिनांवरून ओढायचं. नवं बसवल्यावर ब्लेड आणि ब्रेकमधली फट १/१६ ते १/८ इंच आहे ना ते पाहायचं.

ब्रेक विनाकारण सुटण्याची कारणं ठरलेली: अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, आरशाचं अ‍ॅक्रिलिक, फॉइल लावलेला बोर्ड, चिंब ओलं लाकूड. लेझरनं कापलेल्या प्लायची जळकी काळी कड कोणाच्या लक्षात येत नाही, पण कोळसा वीज वाहतो. शंका असेल तर ब्रेक तात्पुरता बंद ठेवणारी बायपास किल्ली वापरून तुकडा कापावा. लाल दिवा लुकलुकला तर तो माल ब्रेक चालू ठेवून कापता येणार नाही. बायपासमध्ये बोटाला संरक्षण शून्य, म्हणून सामायिक जागेत ही किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे ठेवावी. साधं आणि डेडोचं अशी दोन्ही प्रकारची एकेक जादा कार्ट्रिज कपाटात असावीत, नाहीतर एका चुकीनं मशीन आठवडाभर बंद.

१२० व्होल्टवर चालणारी पावणेदोन हॉर्सपॉवर प्लाय आणि इंचभर लाकडाला पुरते. दोन इंची ओक किंवा सागवान रोज चिरायचं असेल तर २३० व्होल्टची ३ हॉर्सपॉवर घ्यावी. अमेरिकेतून परतताना हे मशीन भारतात न्यायचा विचार असेल तर व्होल्टेज जुळूनही काम भागत नाही: ६० हर्ट्झची मोटर ५० हर्ट्झवर सहाव्या हिश्श्यानं हळू फिरते आणि तापते. सॉस्टॉप २०१७ पासून फेस्टूल या जर्मन हत्यारं बनवणाऱ्या ब्रँडच्याच मूळ कंपनीकडे आहे, आणि हाच ब्रेक असलेलं फेस्टूलचं टीकेएस ८० हे टेबल सॉ युरोपच्या विजेसाठी बनतं. ५० हर्ट्झवाल्यांनी आधी तिकडे चौकशी करावी.