लंडनच्या भाड्याच्या फ्लॅटमधला वॉशर-ड्रायर: धुवायला ठीक, वाळवायला नाही

लंडनमध्ये भाड्याने फ्लॅट घेतला की ओट्याखाली बऱ्याचदा एकच मशीन असतं, धुणारं आणि वाळवणारंही. जागा मोजकी, बाल्कनीत कपडे वाळत घालायला कित्येक इमारतींत मनाई आणि हिवाळ्यात बाहेर टाकलेला टॉवेल दिवसभरात वाळत नाही. त्यामुळे नव्याने आलेला माणूस सगळा भरवसा या मशीनवर ठेवतो आणि पहिल्याच महिन्यात वैतागतो. इथे कुठल्याही एका कंपनीला दोष द्यायचा नाही. अडचण या प्रकारच्या मशीनच्या रचनेतच आहे.

दारावर 8 किलो असा मोठा आकडा असतो, तो फक्त धुण्याचा. वाळवण्याची क्षमता साधारण 5 किलो असते. धुवायला ड्रम जेवढा भरता येतो तेवढाच ठेवून 'वॉश अँड ड्राय' लावलं तर पाच-सहा तासांनी कपडे गरम, ओलसर आणि चुरगळलेले निघतात. वाळायला कपडे ड्रममध्ये वर जाऊन सुटे खाली पडावे लागतात, त्यांच्यामधून गरम हवा फिरावी लागते. ड्रम गच्च असेल तर त्यांचा नुसता गोळा फिरतो. धुणं संपल्यावर थांबवून निम्मे कपडे बाहेर काढा. रजईच्या खोळीची बटणं आधी लावून घ्या, नाहीतर मोजे आणि टी-शर्ट तिच्या पोटात शिरतात आणि तिथेच ओले राहतात.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. यातली बरीच मशीनं वाळवतानाही थंड पाणी वापरतात. गरम दमट हवा थंड पाण्याने गार करायची, वाफेचं पाणी झालं की पंपाने गटारात सोडायचं, अशी ही पद्धत. सिंकखालच्या कपाटात मशीनच्या नळीवरचा कॉक अर्धवट बंद असेल तर धुणं कसंबसं होतं, पण वाळवणं संपता संपत नाही. मशीन बिघडलं म्हणून तक्रार करण्याआधी तो कॉक पूर्ण उघडा आहे का बघा.

आणि लव. स्वतंत्र ड्रायरला हाताने काढून साफ करायची जाळी असते, यातल्या बहुतेकांना ती नसते. टॉवेलची लव दाराच्या रबराच्या घडीत, हवेच्या वाटेत आणि पंपाच्या गाळणीत साचते, आणि पुढच्या धुण्यात काळ्या पँटवर येऊन बसते. वाळवण झाल्यावर रिकाम्या ड्रमने एकदा 'रिन्स' लावा आणि रबराची खालची घडी ओल्या फडक्याने पुसून घ्या. गाळणी महिन्यातून एकदा साफ करावी. ओट्यात बसवलेल्या मशीनची गाळणी तळाच्या लाकडी पट्टीमागे असते. पट्टी प्लॅस्टिकच्या क्लिपांवर असते, पुढे ओढली की सुटते. आधी वीज बंद करा, पाणी निवू द्या, खाली उथळ ट्रे सरकवा आणि मग झाकण डावीकडे हळूहळू फिरवा. एक-दोन लिटर घाण पाणी येतंच. एकदम उघडलं तर सगळं जमिनीवर आणि वेळ आली तर खालच्या फ्लॅटच्या छतावर.

रात्री लावून झोपू नका. लंडन फायर ब्रिगेडही झोपेत किंवा घराबाहेर असताना ही यंत्रं चालू ठेवू नका असंच सांगते.

मग वाळवायचं कसं? या मशीनने फक्त धुवा, पण मिनिटाला 1400 फेऱ्यांवर पिळा. तेवढं पिळूनही 5 किलो सुती कपड्यांत सुमारे अडीच लिटर पाणी उरतं. खोलीत स्टँडवर टाकलं की ते हवेत जातं, तिथून थंड खिडकीवर आणि कपाटामागच्या बाहेरच्या भिंतीवर. बुरशी आधी तिथेच धरते. म्हणून डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला दमटपणा ओढून त्याचं पाणी साठवणारं यंत्र, घ्या. लहान खोलीत स्टँड, शेजारी यंत्र, दार-खिडकी बंद, कपड्यांमध्ये चार बोटांचं अंतर. खोक्यावरचे '12 लिटर' दिवसभराचे असतात, आणि तेही सहसा 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रतेत मोजलेले असतात. 20 अंशांच्या खोलीत त्याच्या निम्मंही निघणार नाही, पण एका धुण्याला पुरतं. खोली 15 अंशांपेक्षा गार राहत असेल तर कॉम्प्रेसरवालं नको, डेसिकंट, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या पदार्थावर चालणारं, घ्या. ते वीज जास्त खातं, पण थंडीतही पाणी ओढतं.

खर्च असा. वॉशर-ड्रायरची धुणं-वाळवणं मिळून पूर्ण फेरी साधारण 3 ते 4 युनिट घेते, म्हणजे युनिटला 26 पेन्स दर धरला तर 80 पेन्स ते 1 पौंड. 200 वॅटचं डीह्युमिडिफायर आठ-दहा तास चाललं तर 40 ते 50 पेन्स, धुण्याची वीज वेगळी. पैशांची बचत फार मोठी नाही. कपडे नीट वाळतात, आटत नाहीत आणि भिंत कोरडी राहते, हा खरा फायदा.

लंडनचं पाणी जड आहे, त्यामुळे हीटरवर क्षारांचा थर बसतो. दर दोन-तीन महिन्यांनी रिकाम्या ड्रममध्ये 100 ग्रॅम लिंबूसत्व टाकून 60 अंशांवर चालवा.

राहिला दुरुस्तीचा प्रश्न. घरमालकावर दुरुस्तीची जबाबदारी टाकणाऱ्या 1985 च्या कायद्याच्या कलम 11 मध्ये पाण्याचे नळ, वीज, हीटिंग हे सगळं येतं, पण वॉशिंग मशीनसारखी उपकरणं येत नाहीत. त्यांच्या दुरुस्तीला मालक सहसा करारात तसं लिहिलेलं असेल तरच बांधील. सही करण्याआधी 'मशीन बिघडल्यास दुरुस्ती किंवा बदली मालक करेल' हे वाक्य करारात घालून घ्या, आणि घर बघायला जाल तेव्हा दाराच्या रबराची घडी उलटून पाहा. ती काळी पडलेली असेल तर फोटो काढून किल्ल्या घेतानाच्या इन्व्हेंटरीत (घरातल्या वस्तू आणि त्यांची अवस्था यांच्या यादीत) नोंदवा, नाहीतर ते पैसे डिपॉझिटमधून मागितले जाऊ शकतात.