विन्या तोंदोनिया: रिओहातली 1877 सालची वायनरी, काय बघायचं आणि काय प्यायचं

स्पेनमधल्या रिओहा या वायनच्या प्रदेशात जाणार असाल आणि एकाच वायनरीपुरता वेळ असेल तर सरळ आरो गावातल्या लोपेस दे एरेदियाकडे जा, बाकीच्यांचं नंतर बघू. विन्या तोंदोनिया हे त्यांच्या सगळ्यात मोठ्या मळ्याचं नाव, तेच बाटलीवर असतं म्हणून बरेच जण वायनरीलाही त्याच नावाने ओळखतात. मी द्राक्षवाल्या घरातला, निफाडला आमची बाग आहे, खायच्या द्राक्षांची, त्यामुळे कुठेही गेलो तरी ग्लासच्या आधी वेल बघतो, छाटणी कशी केलीय, जमीन कसली आहे ते बघतो. या लोकांनी मळ्यातही आणि तळघरातही जीव ओतलाय हे छातीठोकपणे सांगतो.

आरो म्हणजे उत्तर स्पेनमधलं छोटं गाव, बिल्बाओहून गाडीने तास-सव्वा तास. वायनरी आहे रेल्वे स्टेशनच्या वस्तीत, आणि ती तिथेच का याला कारण आहे. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेराने, म्हणजे मुळं खाणाऱ्या किडीने, फ्रान्सच्या बागाच्या बागा संपवल्या, तिकडचे व्यापारी वायन शोधत डोंगर ओलांडून खाली रिओहात आले, आणि आरोला रेल्वे असल्यामुळे माल इथूनच भरला जायचा. राफाएल लोपेस दे एरेदिया यांनी 1877 मध्ये स्टेशनजवळ वायनरी काढली, मग कूने नावाची दुसरी वायनरी 1879 मध्ये आली, ला रिओहा आल्ता नावाची तिसरी 1890 मध्ये, सगळ्या एकमेकींपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. पुढे शतक संपता संपता तीच कीड रिओहातही पोचली आणि सगळ्यांना त्या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन खुंटावर, म्हणजे खालच्या मुळाच्या भागावर, कलम करून परत लागवड करावी लागली. आपल्याकडे नाशिकला डॉगरिज खुंट वापरतात ते पाण्याचा ताण आणि खारवट जमीन यासाठी, तिकडे खुंट आला तो जीव वाचवायला, हा फरक मला तिथे उभं राहिल्यावर नीट कळला.

तोंदोनियाची लागवड 1913-14 मधली. एब्रो नदी जिथे मोठं वळण घेते त्या वळणात साधारण 100 हेक्टर, गाळाची चुनखडीयुक्त जमीन. आणि मांडव नाही, वाय आकाराचा सांगाडा नाही, तार नाही! प्रत्येक वेल स्वतःच्या खोडावर झुडपासारखी उभी, कमरेच्या आतबाहेर उंची, वर तीन-चार हात फुटलेले आणि घड पानांच्या सावलीत. मी आप्पांना व्हिडिओ कॉल लावून दाखवलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "अरे मांडव कुठंय, आणि फवारणीचा ट्रॅक्टर जातो कुठून?" रास्त प्रश्न आहे, कारण अशा वेलींमध्ये बरंचसं काम माणसांनाच करावं लागतं, तोडणीसुद्धा हातानेच होते. त्यांच्याकडे वर्षातून एकच छाटणी, हिवाळ्यात वेल झोपलेली असते तेव्हा. आपली वेल झोपतच नाही म्हणून एप्रिलची खरड छाटणी (काड्या तयार करायला) आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळासाठी) करावी लागते, ते ऐकून तिथल्या गाईड ताई एवढ्या रंगल्या की पुढची दहा मिनिटं तेच चाललं होतं आणि बरोबरचे लोक थांबून ऐकत होते.

आता द्राक्षांबद्दल, कारण माझ्या मते या घराचं खरं मोठेपण इथे आहे. जगभर सगळ्यांनी काबरने आणि शार्दने लावलं, नाशिकलाही आपण शिराज, सोव्हिनिऑन ब्लां, शेनां ब्लां हेच फ्रेंच वाण घेतले, त्यात गैर काही नाही, आपल्याकडे वायनचे जुने वाण नव्हतेच. पण ज्यांच्याकडे होते त्यातल्याही बऱ्याच जणांनी ते काढून टाकले, आणि यांनी ठेवले. रेडसाठी चार: टेम्प्रानियो, गार्नाचो, ग्रासियानो, मासुएलो. तोंदोनिया रिझर्व्हात (रिझर्व्हा म्हणजे जास्त वर्षं मुरवलेली वायन) साधारण तीन चतुर्थांश टेम्प्रानियो असतं, पंधराएक टक्के गार्नाचो आणि उरलेल्यात बाकीचे दोन. टेम्प्रानियो फळाची चव आणि अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा भरीवपणा, देतं, गार्नाचो अल्कोहोल आणि गोलाई देतं, मासुएलो आंबटपणा धरून ठेवतं, आणि ग्रासियानो, जे लावायला शेतकरी कंटाळतात कारण पीक कमी येतं आणि पिकायला उशीर लागतो, ते वास आणि टिकण्याची ताकद देतं. उत्पन्न कमी म्हणून एखादा वाण काढून टाकायचा दबाव काय असतो ते आमच्या घरात मी जवळून बघितलंय, म्हणून ग्रासियानोच्या त्या पाच टक्क्यांचं मला फार कौतुक वाटतं. व्हाइटसाठी विउरा आणि थोडं माल्वासिया. विउरा हेच काव्हा नावाच्या स्पॅनिश बुडबुडेवाल्या वायनमध्ये माकाबेओ नावाने वापरतात, तिथे लोक ते ताजं पितात, आणि हे लोक त्याच द्राक्षाची वायन वर्षानुवर्षं लाकडात, म्हणजे लाकडी पिंपात (बॅरलमध्ये), ठेवतात.

आणि खरी गंमत या ठेवण्यातच आहे. रिओहाचा नियम सांगतो की रेड रिझर्व्हा म्हणायला एकूण तीन वर्षं मुरवा, त्यातलं एक बॅरलमध्ये. तोंदोनिया रिझर्व्हा बॅरलमध्येच सहा वर्षं राहते आणि त्यानंतर बाटलीत आणखी काही वर्षं. ग्रान रिझर्व्हाला नियम एकूण पाच वर्षांचा आहे, यांच्याकडे ती दहाएक वर्षं नुसत्या लाकडात असते, आणि तीसुद्धा दरवर्षी करत नाहीत, साल चांगलं असेल तरच. म्हणजे दुसरीकडची चांगली वायन विकत घेऊन घरी दहा वर्षं सांभाळायचं जे काम गिऱ्हाइकाला करावं लागतं, ते यांनी आधीच केलेलं असतं. मुंबई-पुण्याच्या उकाड्यात, तळघर नसलेल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आपल्यासारख्या माणसाला याची किंमत वेगळी सांगायला नको. मला विचाराल तर पैसे इथे वसूल होतात.

तळघर बघताना घाई करू नका. डोंगराच्या दगडात हाताने खोदलेले लांबच लांब बोगदे, वर्षभर थंडगार, आत दहा हजारांहून जास्त बॅरल, आणि भिंतींवर, छतावर, जुन्या बाटल्यांवर काळपट बुरशीचा जाड थर आणि कोळ्यांची जाळी. पहिल्यांदा बघणारा बिचकतो, पण ही जाळी मुद्दाम ठेवलेली आहेत, कारण बुचात अंडी घालणारे पतंग कोळी खातात. आपल्या भाषेत मित्रकीटक. बॅरलसुद्धा ते स्वतःच्याच कारखान्यात बनवतात आणि दुरुस्त करतात, अमेरिकन ओक आणून. तो भाग मला सगळ्यात आवडला, कारागीर पिंपाभोवती गोल फिरत लोखंडी पट्टी हातोडीने ठोकत खाली सरकवतो, एक ठोका, अर्धं पाऊल, परत ठोका, आणि आवाज जरासा बदलला की थांबून हाताने चाचपून बघतो. बॅरल जुने असल्यामुळे वायनला नव्या लाकडाचा व्हॅनिलासारखा वास फारसा लागत नाही, लाकडातून हळूहळू हवा तेवढी मिळते. आंबवणंही ओकच्या भल्यामोठ्या जुन्या टाक्यांमध्येच होतं, द्राक्षावरच्या नैसर्गिक यीस्टवर, स्टीलची टाकी नाही. एक गोष्ट शाकाहारी मंडळींना सांगून ठेवतो, रेड वायन निवळायला इथे अंड्याचा पांढरा बलक वापरतात, जुनी पद्धत आहे, अंडं अजिबात चालत नसेल तर आधी माहीत असलेलं बरं.

घर अजून त्याच कुटुंबाचं आहे, चौथी पिढी, मारिया होसे, मर्सेदेस आणि हुलिओ सेसार ही भावंडं बघतात. कंपनीने विकत घेतलं, मग नवीन मॅनेजर आला, मग बाटलीचं लेबल बदललं असलं काही इथे झालेलं नाही आणि ते चवीत कळतं.

बाहेर दुकान आणि टेस्टिंगची जागा आहे ती प्रसिद्ध वास्तुविशारद झाहा हदीद यांनी डिझाइन केलेली, डिकँटरच्या (वायन ओतून ठेवायच्या काचेच्या भांड्याच्या) आकाराची, चकचकीत. जुन्या लाकडी मनोऱ्याशेजारी ती मला तरी जरा परकी वाटते, पण आत 1910 च्या ब्रसेल्स जागतिक प्रदर्शनासाठी बनवलेला कुटुंबाचा मूळ लाकडी स्टॉल उभा केलाय, त्यावरचं नक्षीकाम अगदी जवळ जाऊन बघा.

आता चव. व्हाइटपासून सुरू करा, कारण सगळ्यात वेगळी तीच आहे आणि सगळ्यांना आवडेलच असं नाही. ग्राबोनिया ही निव्वळ विउराची, चार वर्षं लाकडातली. रंग सोनेरी, वास अक्रोड, मेण, वाळवलेलं संत्र्याचं साल, आणि तोंडात एकदम खणखणीत आंबटपणा. थंडगार फळाळ व्हाइट प्यायची सवय असेल तर पहिला घोट विचित्र लागेल, वायन खराब झालीय की काय असंही वाटेल, पण ग्लास तसाच पंधरा मिनिटं राहू द्या आणि मग प्या. माझ्या बायकोने पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं आणि शेवटी बाटली तिनेच निवडली. रेडमध्ये कुबियो सगळ्यात साधी आणि स्वस्त, बोस्कोनिया जरा भरदार, तोंदोनिया रिझर्व्हा सगळ्यात देखणी. तोंदोनियात वाळलेली चेरी, चामडं, तंबाखू, ओल्या पानांचा वास येतो, अंग हलकं असतं आणि चव मात्र घोट गेल्यावरही बराच वेळ रेंगाळते. जड, काळीभोर, जाम घट्ट अशी रेड आवडत असेल तर ही तुमच्यासाठी नाही, स्पष्ट सांगतो. रोझे, म्हणजे एरवी गुलाबी असते ती वायन, दिसली तर सोडू नका, यांच्या रोझेचा रंग गुलाबी नसतोच, उन्हाळ कांद्याच्या सालीसारखा असतो, साडेचारेक वर्षं लाकडात राहिलेली रोझे जगात फार कमी जण करतात. 2000 सालच्या रोझेनंतर त्यांनी थेट 2008 ची काढली, त्यामुळे मिळायला कायम मारामार.

जेवणाचं म्हणाल तर गावात द्राक्षाच्या काड्यांच्या निखाऱ्यावर भाजलेल्या कोवळ्या मेंढीच्या चॉप्स मिळतात, छाटणीच्या काड्यांचा असा उपयोग बघून मी घरी लगेच फोटो पाठवले. शाकाहारी असाल तर भाजलेल्या पिकियो मिरच्या, पांढरं अॅस्परॅगस आणि लाल कापारोनेस घेवडा मागा, पण घेवड्यात चोरिसो म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज असतं बहुतेक वेळा, ऑर्डर देतानाच विचारा. आणि घरी आल्यावर ग्राबोनियाबरोबर ओल्या काजूची उसळ करून बघा, खोबऱ्याचा गोडवा आणि त्या अक्रोडी आंबटपणाचं इतकं जमतं की मी मटणाच्या रश्शाचा नाद सोडला. रश्श्यातल्या तिखटापुढे तोंदोनियासारखी नाजूक रेड दबून जाते, ती सुक्या मशरूमच्या भाताबरोबर किंवा कमी तिखट सुक्या मटणाबरोबर घ्या.

जायचं तर आधी बुकिंग करून जा, अचानक जाऊन तळघर बघायला मिळेल अशी आशा ठेवू नका, आणि इंग्लिश टूर हवी ते बुकिंग करतानाच सांगा. 29 जूनच्या आसपास आरोला वायनची लढाई असते, लोक एकमेकांवर वायन ओततात, गाव खच्चून भरतं, शांतपणे वायनरी बघायची असेल तर ते दिवस टाळा. सप्टेंबरच्या शेवटी ते ऑक्टोबरमध्ये तोडणी असते, माझ्यासारख्या शेतकरी डोक्याच्या माणसाने तेव्हाच जावं.

परत येताना भारतात माणशी दोन लिटर दारू ड्युटी न भरता आणता येते, म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या. माझं मत विचाराल तर एक ग्राबोनिया आणि एक तोंदोनिया रेड रिझर्व्हा. ग्रान रिझर्व्हाचे पैसे बरेच जास्त पडतात, पहिल्यांदाच घेणाऱ्याने त्यात पडू नये. बाटल्या चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून मध्यभागी ठेवा, घरी आल्यावर दोन आठवडे आडव्या पडू द्या, आणि व्हाइट फ्रिजमधून काढून अर्ध्या तासाने उघडा, बर्फासारखी गार प्यायलात तर अर्धी चव तिथेच गेली.