मे महिन्यात आवडलेलं महाबळेश्वर जुलैत झेपेल का?

सोलापुरात पारा ४३-४४ वर जाऊन बसला की महाबळेश्वरचा विषय घरोघरी निघतो. चार दिवस राहून आलेल्या माणसाचं वाक्यही ठरलेलं असतं, "निवृत्तीनंतर तिकडंच एखादं घर बघू." हे परीक्षण त्या घरासाठी आहे. पॉइंट, घोडे, वेण्णा तलावातली होडी, मक्याचं कणीस यांचा इथे संबंध नाही. बारा महिने तिथे स्वयंपाक करायचा, कपडे वाळवायचे, बीपीच्या गोळ्या आणायच्या आणि लाइट बिल भरायचं, तर गाव कसं आहे, एवढंच बघू.

गुण आधीच सांगून टाकू. एप्रिल-मे दहापैकी नऊ, नोव्हेंबर ते मार्च सात, जून ते सप्टेंबर दोन. पावसाळाभर घर कुलूप लावून ठेवणार असाल तर ते दोनही धरू नका, कारण तिथे बंद घर राहत्या घरापेक्षा लवकर खराब होतं.

सगळं गणित पावसाचं आहे. सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वरचा आकडा साडेपाच ते सहा हजारांच्या घरात जातो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत उरकतो. जुलै २०२१ मध्ये तिथे २४ तासांत ५९४ मिलिमीटरची नोंद झाली, म्हणजे आपल्या जिल्ह्याचा अख्खा वर्षाचा पाऊस एका दिवसात. कारण साधं आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग कोकण ओलांडून सह्याद्रीच्या कड्याला धडकतात, एकदम वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिकामे होतात. महाबळेश्वर या कड्याच्या अगदी काठावर, १,३५० मीटरच्या आसपास उंचीवर आहे. मे महिन्यात गारवा देणारी हीच उंची जुलैत घरात ढग आणून सोडते.

थंडीची भीती मात्र उगाच. जुलैत दिवसा २०-२१ आणि रात्री १७ अंशांच्या आसपास तापमान असतं, एका स्वेटरवर भागतं. त्रास होतो तो दिवस-रात्रीत तीन-चार अंशांचाच फरक राहतो आणि हवेतली आर्द्रता शंभर टक्क्यांच्या जवळ अडकून बसते याचा. सोलापुरात मे महिन्यात दोन किलोची सोलापुरी चादर दोरीवर टाकली तर तासा-दोन तासांत कडक होते. तीच चादर तिथे जुलैत आठवडाभर दोरीवर ठेवली तरी हाताला गार लागते आणि तिसऱ्या दिवसापासून वास मारायला लागते. जाड सुती कापड पाणी भरपूर पितं आणि सोडायला कुरकुरतं. पावसाळ्यासाठी पातळ आणि सिंथेटिक पांघरुणं ठेवा, चादरी ऑक्टोबरात काढा. टॉवेलचंही तेच.

स्वयंपाकघरात सोलापूरकराला पहिला धक्का बसतो तो कडक भाकरीचा. आपल्याकडे डब्यात महिनाभर कुरकुरीत राहणारी भाकरी तिथे जुलैत दुसऱ्या दिवशी चामट होते. शेंगाचटणी गोळा होते आणि आठ-दहा दिवसांत खवट लागते. मीठ पाझरतं, पापड वातड होतात. ज्वारीचं प्रकरण जास्त गंभीर. धान्य टिकायचं तर त्यात ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. तिथल्या पावसाळी हवेत उघड्या पोत्यातली ज्वारी हवेतलं पाणी शोषून ही मर्यादा सहज ओलांडते, मग बुरशी आणि टोके दोन्ही धरतात. म्हणून वर्षाची मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी एकदम नेऊन ठेवायची आपली सवय तिथे चालत नाही. जूनआधी फार तर महिना-दीड महिन्याची बेगमी करा. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत, दोन-दोन, तीन-तीन किलोच्या वाटण्या करून ठेवा. मोठा डबा रोज उघडला की रोज ओल आत जाते. पीठ आठवड्यापुरतंच दळा.

आणखी एक बारीक गोष्ट, जी चार दिवसांच्या मुक्कामात हॉटेलचं जेवताना कळत नाही. त्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्यामुळे पाणी साधारण साडेपंच्याण्णव अंशांना उकळतं, सोलापुरात साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपास. उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजवणाऱ्यांना वेळ चांगलाच जास्त लागतो. कुकरलाही एखादी शिट्टी वाढवावी लागते. चहा तेवढा लवकर उकळतो.

आता घर. तिथली जुनी बांधकामं जांभ्या दगडाची. जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि उन्हाळ्यात हळूहळू सोडतो. त्यावर बाहेरून प्लास्टिकसारखा घट्ट रंग मारला की आत गेलेलं पाणी बाहेर पडायची वाट बंद होते, मग आतल्या भिंतीला फुगे येतात आणि पोपडे पडतात. रंगकाम करायचंच तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, भिंती पूर्ण सुकल्यावर. घर बघायला मे महिन्यात गेलात तर नवा रंग पाहून खूश होऊ नका. तो बहुतेक मागच्या पावसाळ्याच्या खुणा झाकायला मारलेला असतो.

पाऊस तिथे वरून कमी आणि आडवा जास्त येतो. म्हणून स्थानिक लोक पावसाच्या बाजूच्या भिंती आणि दुकानांचे दर्शनी भाग जूनआधी झाकून घेतात. पूर्वी त्यासाठी गवत वापरायचे, आता प्लास्टिकचा कागद आणि ताडपत्री. दर वर्षी हे बांधायचं, ऑक्टोबरात सोडायचं. मजुरी आणि सामान धरून हा खर्च घराच्या वार्षिक हिशेबात घाला, लोक तो हमखास विसरतात. पश्चिमेकडे मोठ्या काचेच्या खिडक्या आणि बाल्कनी असलेलं घर 'व्ह्यू'साठी महाग मिळतं आणि तेच सगळ्यात जास्त गळतं. सपाट स्लॅबपेक्षा उतरतं पत्र्याचं किंवा कौलाचं छप्पर बरं. दोन उतार जिथे मिळतात तिथली पन्हळ पानांनी तुंबते आणि पाणी उलटं घरात येतं, त्यामुळे पावसाळ्यात ती दर आठवड्याला साफ करावी लागते. सत्तरीच्या माणसाला त्या पत्र्यावर कोण चढवणार, हा प्रश्न घर घेण्याआधीच सोडवा.

विजेचे बोर्ड बाहेरच्या भिंतीवर असतील तर ओल शिरून आरसीसीबी (वीज गळली की आपोआप पडणारा सुरक्षा-स्विच) सारखा पडतो. इलेक्ट्रिशियन कंटाळून तो काढून टाकायचा सल्ला देतात. अजिबात ऐकू नका, बोर्ड आतल्या भिंतीवर घ्या. झाडं तारांवर पडून वीज तासन्‌तास जाते, कधी दिवसभर. इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-तासाची बॅटरी दिवे, पंखा आणि वायफाय ओढेल. ओल काढायचं यंत्र (डिह्युमिडिफायर) त्यावर भागवायला जाऊ नका, बॅटरी लवकर बसते. एका खोलीसाठी रोज २० लिटर पाणी ओढणारा डिह्युमिडिफायर पुरतो, पण दारं-खिडक्या बंद ठेवल्या तरच. एक खोली 'कोरडी खोली' ठरवून कागदपत्रं, औषधं, धान्य, लोकरीचे कपडे तिथेच ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. ओलीत ब्रेक शू ड्रमला चिकटून बसतो. गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा.

दवाखान्याचं काय, हा खरं तर पहिला प्रश्न असायला हवा. गावात ग्रामीण रुग्णालय आहे, पाचगणीजवळ रेडक्रॉसचं बेल-एअर आहे. हृदयविकाराचा झटका, मेंदूतला रक्तस्राव, मोडलेलं खुब्याचं हाड, यासाठी खाली उतरणं आलं. वाई ३२ किलोमीटर पसरणी घाटाने, सातारा मेढामार्गे पन्नास-पंचावन्न. मे महिन्यातल्या शनिवारी घाटात आणि वेण्णा तलावाजवळ गाड्यांच्या रांगा, जुलैत धुकं, पडलेली झाडं आणि दरडी. सोलापुरात रिक्षाने वीस मिनिटांत सिव्हिल गाठणाऱ्या माणसाने हा हिशेब मोठ्याने करून पाहावा. दमा किंवा संधिवात असेल तर डॉक्टरांना 'महाबळेश्वर कसं' एवढंच न विचारता 'जुलैतलं महाबळेश्वर कसं' असं विचारा. सोलापूरपासून अंतरही ध्यानात घ्या. पंढरपूर, फलटण, वाई असं गेलं तर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, सहा-सात तास. रेल्वे नाही. घरी कुणाचं काही झालं तर रात्रीत पोहोचणं अवघड.

पाण्याच्या बाबतीत मात्र आपलीच बाजू पडती. काही दिवसांआड नळाला पाणी येण्याची सवय असलेल्या गावातून गेलेल्याला तिथला पुरवठा चैन वाटेल.

भाड्याने राहायचं ठरवलं तर करारातले महिने नीट वाचा. अकरा महिन्यांचा करार म्हणतात आणि तोंडी अट असते की सीझनला खोली मोकळी करून द्यायची. एप्रिल-मे, दिवाळी, नाताळ या दिवसांत तीच खोली पर्यटकांना दिली तर मालकाला कितीतरी जास्त मिळतात. त्याचं चुकत नाही, पण तुम्ही ज्या दोन महिन्यांसाठी जाताय त्याच दोन महिन्यांत बाहेर पडावं लागेल. 'एप्रिल, मे आणि दिवाळी धरून' असे शब्द करारात घालून घ्या. पावसाळ्यात निम्मा बाजार झाकलेला असतो, भाजी खालून येते आणि रस्ता बंद झाला की येत नाही. डाळी, बटाटे, कांदे, गॅसचा जादा सिलिंडर आणि दोन महिन्यांची औषधं जूनआधी घरात हवीत.

विकत घ्यायचं असेल तर इथे थांबा. महाबळेश्वर-पाचगणी परिसर १७ जानेवारी २००१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. बांधकाम, झाडतोड, उतारावरचं खोदकाम, सगळ्यावर बंधनं आहेत. बाजारपेठेजवळचे अनेक जुने बंगले सरकारी भाडेपट्ट्याच्या जागेवर आहेत, तिथे विकणारा जमिनीचा मालकच नसतो. मिळकतपत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) धारणाधिकार काय लिहिलाय, म्हणजे जागा मालकीची की भाडेपट्ट्याची, ते बघा. शेतजमीन घ्यायला महाराष्ट्रात शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. तुमच्या नावावर मोहोळ-बार्शीकडे सातबारा असेल तर ही अडचण सुटते, पण शेतजमिनीवर बंगला बांधायची परवानगी त्यातून मिळत नाही. क्रम असा ठेवा: सातबारा आणि त्याचे जुने फेरफार, 'इतर हक्क' रकान्यात वनाची किंवा कुळाची नोंद आहे का ते, नगररचना विभागाचा झोन दाखला, बिगरशेती आदेश, मंजूर नकाशा, आणि मंजूर नकाशा हातात धरून प्रत्यक्ष मोजणी. मंजुरी एका मजल्याची आणि उभे दोन, हे तिथे नवीन नाही. बिगरशेती आदेश नसलेले एक-दोन गुंठ्यांचे 'फार्म हाउस प्लॉट' एजंट कितीही गोड बोलला तरी सोडून द्या.

इतकं वाचूनही डोंगरावरच राहायचं असेल, तर १९ किलोमीटर मागे, पाचगणीला या. अंतर किरकोळ वाटतं, पण पाऊस साधारण एक तृतीयांशावर येतो, कारण ढग कड्यावर रिकामे होऊन पुढे सरकलेले असतात. वाईला उतरलात तर तो आठशेच्या आसपास, म्हणजे सोलापूरकराच्या ओळखीचा. उंची पाचगणीचीही १,२९० मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे मे महिन्यातला गारवा फारसा गमवावा लागत नाही. इंग्रजांनी हे दोनशे वर्षांपूर्वीच अनुभवलं. १८२९ च्या सुमारास सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना इंग्रजांनी महाबळेश्वर वसवलं, मुंबई सरकारचा उन्हाळा तिथे जायचा, पण पाऊस सुरू झाला की सगळा कारभार पुण्याला उतरायचा. बारा महिने राहता येईल अशी जागा म्हणून नंतर जॉन चेसन या इंग्रजाने पाचगणी वसवली. १९२२ च्या संजीवनसारख्या निवासी शाळा पाचगणीत रुजल्या, त्यामागेही ही बाराही महिने मुलांना ठेवता येणारी हवा आहे. शाळांमुळे तिथे डॉक्टर, किराणा, शिंपी, पुस्तकांची दुकानं वर्षभर चालू राहतात. गजबज थोडी टाळायची असेल तर पुस्तकांचं गाव म्हणून २०१७ पासून ओळखलं जाणारं भिलार वाटेवरच आहे. पाचगणीला दहापैकी सात, पावसाळ्यातही पाच.

बहुतेक सोलापूरकरांसाठी आमची शिफारस घर न घेता एप्रिल ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पाचगणी-भिलार पट्ट्यात स्वयंपाकघरासह जागा भाड्याने घेण्याची आहे. सोलापूरचे सगळ्यात वाईट सत्तर दिवस टळतात आणि मृगाच्या आधी घरी परत.

तरीही महाबळेश्वरचंच घर मनात असेल, तर इसार देण्याआधी १० ते २५ जुलै त्याच वाडीत, जमल्यास त्याच घरात भाड्याने राहा. हॉटेल नको, तिथे टॉवेल दुसरं कुणीतरी वाळवतं. सोबत कडक भाकरी, एक धुतलेली चादर, दोन किलो ज्वारी आणि घरातली सगळ्यात वयस्कर व्यक्ती न्या. एकदा रात्री आठनंतर धुक्यात गाडी काढून वाईच्या दवाखान्यापर्यंत जाऊन या, वेळ लिहून ठेवा. निघायच्या दिवशी पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेलं कपाट हातभर पुढे ओढा आणि टॉर्च लावून मागे बघा. गाद्यांच्या खालची बाजूही बघा.