ठाणावर बांधलेल्या घोड्याला काय घालावं: निम्मी चंदी, लसूणघास की सुकं गवत?

टेंडनला (स्नायू हाडाशी जोडणाऱ्या दोरीला) इजा झाली, सोनोग्राफीत तंतू तुटलेले दिसले आणि डॉक्टरांनी घोडं दोन-तीन महिने ठाणावरून (तबेल्यातल्या बांधायच्या जागेवरून) हलवू नका म्हणून सांगितलं, की सगळ्यांचं लक्ष पायाकडे लागतं. पट्टी, बर्फ, इंजेक्शनं हे सगळं डॉक्टरांच्या हाताखाली नीट चालतं. गव्हाणीत काय पडायचं ते मात्र मालक आणि मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा) ठरवतात. पाय बरा होत असताना पोटशूळाने घोडं जातं ते बहुतेकदा या ठरवण्यातल्या चुकीमुळे. रोज फिरणारं घोडं अचानक उभं राहिलं की आतड्यांची हालचाल मंदावते, लीद कमी पडते, पाणी कमी पिलं जातं. खाणं मात्र कालचंच असतं.

आपल्याकडे अशा वेळी तीन रीती दिसतात. कुणी सगळंच निम्मं करतं. कुणी चंदी (धान्याचा खुराक) बंद करून लसूणघासावर ठेवतं. कुणी सुकं गवत पुढ्यात टाकून ठेवतं आणि वर थोडंसंच काही देतं. माझा कौल तिसऱ्या रीतीला आहे, पण पहिल्या दोन का नकोत हे आकड्यांत पाहिलेलं बरं.

उदाहरणाला 350 किलोची मारवाडी घोडी घेऊ. कामावर असताना तिला दिवसाला 3 किलो चंदी (हरभरा, जव, गव्हाचा कोंडा) आणि 5 किलो सुकं गवत मिळत होतं.

निम्मी चंदी, निम्मं गवत

काम नाही म्हणून खाणं निम्मं, हा हिशोब माणसाला पटतो, घोड्याच्या पोटाला पटत नाही. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरत असतं, खाणं असो वा नसो. त्याला उतारा लाळेचा, आणि लाळ सुटते ती चावतानाच. एक किलो सुकं गवत खायला घोड्याला साधारण 40 मिनिटं लागतात; एक किलो धान्य दहाएक मिनिटांत संपतं. निम्म्या रतिबात या घोडीला अडीच किलो गवत मिळालं, म्हणजे दिवसभरात दोन तासांहूनही कमी चावणं. मोकळं घोडं दिवसातले 14 ते 16 तास चरतं. त्यात दुखऱ्या पायासाठी बऱ्याचदा फेनिलब्युटाझोनसारखं औषध चालू असतं, आणि ते जठराच्या अस्तराला आणखी नाजूक करतं. रिकाम्या पोटी दुखणं कमी करायचं औषध आणि वर आम्ल, म्हणजे अल्सरला आमंत्रणच.

चारा दिवसाला वजनाच्या दीड टक्क्याखाली जाऊ नये, दोन टक्के असेल तर उत्तम. या घोडीला म्हणजे सव्वापाच ते सात किलो. अडीच किलोवर ठेवलेली घोडी लाकूड चावेल, अंथरलेला पेंढा खाईल, वाऱ्यावर डुलल्यासारखी जागच्या जागी हलत राहील. दुखऱ्या पायावर सारखा भार बदलणारं घोडं कुठल्याच डॉक्टरांना नको असतं.

उरलेली दीड किलो चंदी तरी कशाला हवी? धान्यातला स्टार्च तिला उसळ्या मारायला जोर देतो आणि त्या खर्चायला जागा नसते. एका वेळेला जास्त धान्य पडलं तर ते न पचता मोठ्या आतड्यात जातं, तिथे आंबतं, आणि लॅमिनायटिसचा (खुराच्या आतल्या अस्तराला येणाऱ्या सुजेचा) धोका उभा राहतो. जखमी घोड्यात हा धोका आधीच असतो, कारण दुखऱ्या पायाचा भार जोडीच्या पायावर येतो. 2006 ची केंटकी डर्बी ही अमेरिकेतली शर्यत जिंकणाऱ्या बार्बारो या घोड्याचं उदाहरण रेसकोर्सवरच्या सगळ्यांना माहीत आहे. पुढच्या प्रीकनेस शर्यतीत त्याचा उजवा मागचा पाय मोडला. शस्त्रक्रियेनंतर त्या पायाचं ठीक चाललं असताना डाव्या मागच्या पायाला लॅमिनायटिस झाला, आणि 29 जानेवारी 2007 ला त्याला निरोप द्यावा लागला. तिथे दोष खाण्याचा नव्हता, भाराचा होता. म्हणूनच, ज्या खुरावर आधीच दुप्पट ओझं आहे त्याला चंदीचा धोका वरून द्यायला मी तयार नसतो.

फक्त लसूणघास

पश्चिम महाराष्ट्रात दुभत्या जनावरांमुळे लसूणघास बारमाही मिळतो, घोडं आवडीने खातं, म्हणून हा मोह मोठा असतो. त्याचे गुण खरे आहेत. प्रथिनं भरपूर, त्यामुळे तुटलेले तंतू भरायला माल मिळतो. कॅल्शियम भरपूर, आणि ते जठरातलं आम्ल दाबून ठेवायलाही मदत करतं.

अडचण प्रमाणाची आहे. विश्रांतीवरच्या 350 किलोच्या घोडीला दिवसाला साधारण 440 ग्रॅम प्रथिनं पुरतात. सात किलो वाळलेल्या लसूणघासातून त्याच्या अडीच पटीपेक्षा जास्त जातात. उरलेलं ती लघवीतून टाकते: पाणी जास्त पिते, अंथरूण सारखं ओलं होतं आणि बंद तबेल्यात अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबतो. चोवीस तास तिथेच उभ्या असलेल्या घोड्याच्या फुप्फुसांना आणि ओल्या खुरांना हे सोसत नाही. शिवाय ताकदही (खाण्यातली ऊर्जा) गरजेच्या तिसऱ्या हिश्श्याने तरी जास्त जाते, म्हणजे दोन महिन्यांत चरबी चढते आणि तेच वजन पुढे बऱ्या होणाऱ्या टेंडनवर येतं. हिरवा घास एकदम वाढवला तर गॅस धरतो, ते वेगळंच.

सुकं गवत, वर थोडा घास

डोंगरी गवत, पवन्या, मारवेल किंवा चांगली वाळवलेली हरळी. फुलोऱ्याच्या आसपास कापलेलं, हिरवट रंग टिकलेलं, बुरशीचा वास नसलेलं. सहा किलो असं गवत आणि एक किलो वाळलेला लसूणघास (किंवा चार-पाच किलो हिरवा, थोडा सुकवून) हा माझा हिशोब. ताकद गरजेइतकीच बसते आणि नुसत्या गवतात जी प्रथिनं अपुरी पडतात ती घास भरून काढतो. जोडीला घोड्यांसाठीचं खनिज मिश्रण, कारण तांबं आणि जस्त आपल्या गवतात कमी पडतं, आणि 20-25 ग्रॅम साधं मीठ. हिरवं चरणं बंद असल्याने ई जीवनसत्त्वही कमी पडतं. त्याची मात्रा डॉक्टरांना विचारून घ्यावी.

या रीतीची खरी अडचण मोतद्दाराची मेहनत. सहा किलो गवत एकदम टाकलं तर घोडी चांगलं खाते, उरलेलं तुडवते आणि रात्री दहापासून पहाटेपर्यंत उपाशी उभी राहते. चार-पाच वेळा विभागून द्यावं आणि सगळ्यात मोठा वाटा रात्रीचा ठेवावा.

गवत मिळत नसेल तेव्हा काय, हा प्रश्न उन्हाळ्यात हमखास येतो. गव्हाचं भुसकट बारीक असतं, घोडं नीट न चावता गिळतं आणि ते आतड्यात गच्च बसतं. ठाणावरच्या घोड्याला ते मुख्य चारा म्हणून नको. भाताच्या पेंढ्यात सत्त्व कमी, आणि त्यातले ऑक्झलेट कॅल्शियम अडवून ठेवतात. कडबा दख्खनेत घोड्यांना पूर्वापार घातला जातो आणि पानांचा भाग थोडा मिसळायला हरकत नाही, पण जाड धांडे या काळात टाळावेत. ज्वारीचा हिरवा चारा, त्यातही पाण्याच्या ताणातला किंवा कापणीनंतरचा फुटवा, कुठल्याच घोड्याला घालू नये. त्यातल्या सायनाइडमुळे मूत्राशय आणि मागच्या पायांच्या नसा कायमच्या खराब होऊ शकतात. या सगळ्यांपेक्षा दूरवरून आणलेलं महागाचं गवत स्वस्त पडतं.

कोंड्याची घाट की भिजवलेलं गवत?

लीद कोरडी झाली की गव्हाच्या कोंड्याची गरम घाट (गरम पाण्यात कालवलेला कोंडा) करायची ही घोडदळातली जुनी सवय अजून टिकून आहे. कोंड्याने लीद सैल होते हा समज फारसा खरा नाही. आतून जातं ते त्यातलं पाणी. नुकसान मात्र खरं आहे. कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या आठ-दहा पट असतो. घोड्याला याच्या उलट, कॅल्शियम जास्त हवं. रोज कोंडा खाणारं घोडं हाडांतलं कॅल्शियम काढून रक्तात आणतं, आणि ज्या घोड्याचं हाडच जुळायचंय त्याला हे परवडत नाही. अधूनमधून दिलेली घाटही पोटातल्या जिवाणूंची घडी मोडते.

त्यापेक्षा गवतच पाण्यात बुडवून द्या. दहा मिनिटं भिजवलं की धूळ बसते. अर्धा-पाऊण तास ठेवलं तर साखरही उतरते, म्हणजे जाड घोड्यासाठी दुहेरी फायदा. निथळलेलं पाणी फेकायचं. आपल्या उन्हात भिजलेलं गवत लवकर आंबतं, म्हणून एका वेळेपुरतंच भिजवावं.

पाण्यासाठी स्वयंचलित हौदापेक्षा दोन बादल्या बऱ्या. सुक्या चाऱ्यावरची ही घोडी वीसेक लिटर पाणी पिते, उन्हाळ्यात बरंच जास्त. बादलीत किती उरलं हे सकाळी दिसतं, हौदात दिसत नाही. तसंच लिदीचं: आठ-दहा वेळा टाकणारी घोडी चार वेळांवर आली, गोळे लहान, कोरडे आणि चकाकत्या आवरणाचे दिसले, तर पोट दुखायची वाट न बघता डॉक्टरांना फोन करावा.

जाळी की जमीन

बारीक भोकांच्या जाळीत गवत जास्त वेळ पुरतं, आणि ठाणावर वेळ घालवणं हेही एक काम आहे. जमिनीवर खाताना मान खाली राहते, नाकातोंडातली घाण बाहेर येते, धूळ कमी ओढली जाते. पुढच्या पायाला पट्टी असेल तर जाळी टाळलेली बरी. नाल अडकून घोडं उधळलं तर महिन्याची मेहनत वाया जाते. मागचा पाय जखमी असेल आणि घोडं शांत असेल, तर दिवसा जाळी आणि रात्री जमीन असं चालतं. गव्हाण छातीच्या उंचीवर असेल तर गवतासाठी ती वापरूच नये.

दोन अपवाद

म्हातारं, दात झिजलेलं घोडं सुकं गवत चघळून थुंकत असेल तर त्याला बारीक कापलेला, चांगला भिजवलेला चारा लागतो, आणि सहा किलोचा हिशोब तिथे लागू पडत नाही. आणि मुळात अंग धरत नसलेलं, बरगड्या दिसणारं घोडं असेल तर ताकद वाढवावी लागते. तेव्हाही चंदीऐवजी तेल निवडावं: दिवसाला पाव वाटीपासून सुरू करून आठ-दहा दिवसांत एक वाटीपर्यंत, लसूणघासावर चोळून. तेलातून उसळी न येता वजन येतं.

रतीब बदलताना एक फरक लक्षात ठेवावा. चंदी त्याच दिवशी काढता येते, आणि काढावीच. नवा चारा मात्र आठ-दहा दिवसांत हळूहळू आणावा. परत येतानाही क्रम हाच: डॉक्टरांनी हातात धरून दहा मिनिटं चालवायला सांगितलं म्हणून चंदी सुरू करू नये. हातातल्या चालीला गवत पुरतं. घोडी पाठीवर स्वार घेऊन नियमित दुडकी चालायला लागली की पाव किलोपासून सुरुवात करावी, आणि सुट्टीच्या दिवशी ती पाव किलोही काढून घ्यावी.